एका हाकेची सगुणा

१

त्या दिवशी काळाचौकीवरचं आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. जानेवारीची थंडी, गोदीकडून येणारा बारीक बोचरा वारा, आणि ऊन कसं, हळदीच्या पाण्यासारखं पातळ. एरवी त्या भागात आभाळाकडे कुणी बघायचं नाही, कारण बघण्यासारखं तिथं काही नसायचं. गिरण्यांच्या चिमण्या दिवसरात्र धूर ओकायच्या आणि वाळत घातलेल्या धोतरावर काजळी बसायची. पण मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, असा दिल्लीचा निकाल रेडिओवर आला, लोक रस्त्यावर उतरले, गोळ्या चालल्या, गिरण्या बंद पडल्या आणि करफ्यू लागला. धूर थांबला तेव्हा म्हाताऱ्या बुधाजीला पहिल्यांदा कळलं की आपल्या गॅलरीतून एवढं आभाळ दिसतं. त्याला ते काही बरं वाटलं नाही. भांड्यावरचं झाकण कुणीतरी काढून ठेवल्यासारखं वाटलं.

बुधाजी साधा माणूस. शाळेचं तोंड बघितलेलं नाही. सावंतवाडीकडून पोरवयात मुंबईला आला आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, उभा राहिला, तो केस पांढरे होईपर्यंत. साच्यांनी त्याला पोटाला दिलं आणि त्याचे कान घेतले. समोरच्याचे ओठ दिसले तर त्याला बोलणं कळायचं. पाठीमागून बोललेलं मात्र वाऱ्यावर जायचं.

खोलीत सध्या दोघंच, तो आणि त्याची नात कांता. मुलगा राजाराम सत्याग्रहात पकडला गेलेला, तुरुंगात. सून शांता इस्पितळात आया होती. जखमी येतच होते, तेव्हा तिला तिथंच ठेवून घेतलेलं. तिचा निरोप तेवढा आला होता, की मामंजी, पोरीला उंबऱ्याबाहेर सोडू नका, नाक्यावरची गोळी वय विचारत नाही.

निरोप यायची गरज नव्हती. म्हाताऱ्याच्या जिवाला तोच एक घोर होता. बाप तुरुंगात, आई इस्पितळात, आणि पोर आपल्या पदरात. ती उद्या दोघांच्या हाती सुखरूप द्यायची. दुसरं काही नाही.

हाताला काम होतं, म्हणून बरं. गिरणी सुटल्यापासून बुधाजी छापखान्यातून पुस्तकांचे फर्मे घरी आणून मोडायचा. फर्मा म्हणजे छापलेला मोठा कागद. त्यावर सोळा पानं असतात, काही सुलटी, काही डोक्यावर उभी. नीट घड्या घातल्या की पानं आपोआप ओळीनं लागतात. वाचता येत नसलं तरी अडत नाही. बुधाजी चित्रं बघून घडी घालायचा, बांबूच्या पट्टीनं दाबायचा, आणि थप्पी लावायचा.

समोरच्या अंगाला, चौकापलीकडं, कमळाबाई राहायची. पाय सुजलेले, म्हणून दिवसभर खिडकीत. सबंध चाळीची राखण तिच्याकडं. बुधाजीशी ती नेहमी ओरडूनच बोलायची.

"काय हो बुधाजीकाका, ज्याला वाचता येत नाही तो पुस्तकं करतोय, नि ज्यांना वाचता येतं ते तुरुंगात. चांगलं राज्य आलंय."

बुधाजी हसून मान हलवायचा.

२

हे फर्मे त्यानं करफ्यूच्या आधी गिरगावातून आणले होते. कांता सोबत होती.

तिथं एका गल्लीत शरच्चंद्र नावाच्या गृहस्थाचा छोटा छापखाना होता. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मास्तरांनी मनावर घेतलं होतं की मुलांना वळण लावणारी जुनी, लोक विसरून गेलेली गोष्टींची पुस्तकं पुन्हा छापायची. घरोघर हिंडून, माळ्यांवरच्या ट्रंका उघडायला लावून त्यांनी ती जमवली होती.

"हे बघा," मास्तर म्हणाले, "एका हाकेची सगुणा. माझी आजी ह्यावर वाढली. हल्लीच्या पोरांना दहा हाका मारा, ढिम्म हलत नाहीत. ही सगुणा बघा. एका हाकेत ओ. हातातला घास ठेवते नि उठते. म्हणून तिचं सगळीकडं भलं होतं."

"मग एवढं चांगलं पुस्तक परत कुणी छापलं का नाही?" बुधाजीनं विचारलं.

"कोण जाणे. मला मिळाल्या तीन प्रती, तीन वेगवेगळ्या घरांतून. तिन्हींची शेवटची पानं फाडलेली. होड्या केल्या असतील कार्ट्यांनी." मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "जिथवर आहे तिथवर छापलं. शेवटची हाक येते, सगुणा ओ देते नि उठते. एवढ्यावर संपलं तरी चालतं की. बोध पोचला."

चित्रांचे जुने लाकडी ठसे मात्र मास्तरांना कुठल्याशा जुन्या छापखान्यातून मिळाले होते, सगळे शाबूत. प्रत्येक प्रकरणाला एक चित्र. उंबऱ्यावर बसलेली मुलगी, तिच्या हातात पणती. आणि अंगणात एक माणूस, आपल्याकडं पाठ करून उभा, एक हात वर केलेला.

"हा कोण?" कांतानं विचारलं.

"हाक मारणारा. बाप असेल. नाहीतर आजोबा."

"ह्याचं तोंड का नाही काढलं?"

"पाठमोरा आहे ना तो."

"सगळ्याच चित्रांत?"

मास्तर हसले. "चौकस आहे हो तुमची नात."

शेवटच्या ठशात मात्र नुसता उंबरा होता आणि उंबऱ्यावर पणती. माणूस नाही, मुलगी नाही. मास्तरांनी तो शेवटच्या पानावर शोभेसाठी टाकला होता.

कांता ठशावरून बोट फिरवत होती. "आजोबा, ही सगुणा डावरी आहे. पणती डाव्या हातात."

"ठशात सगळं उलटं असतं, बाळ," मास्तरांनी सांगितलं. "कागदावर दाबली की उजवी होते. इकडची पोर तिकडं निघते."

कांतानं बोट काढून घेतलं आणि फ्रॉकला पुसलं.

३

करफ्यूत दिवस मोठे होतात. दूधवाला नाही, भाजीवाली नाही. पोरांना चौकातसुद्धा उतरू देत नव्हते. मग आजोबानं घड्या घालायच्या आणि नातीनं समोर बसून, ओठ दिसतील असं, मोठ्यानं वाचायचं. कांता वाचायची छान. वाचता वाचता कपाळावरची बट मागं सारायची, तेव्हा उजव्या भुवईवरची खोक दिसायची. नळावर पाय घसरून पडली होती, तेव्हाची.

बुधाजीला सगुणा आवडली. त्याला वाटलं, पोरीला हे वळण लागलं तर बरंच. बाहेर दिवस असे, आणि आपण कानानं अधू. निदान हाकेसरशी आली तर पोर नजरेआड होणार नाही. म्हणून त्यानं खेळच मांडला. तो एकदाच हाक मारायचा, "कांते." तिनं असेल तिथून "ओ, आले" म्हणत पुढ्यात यायचं, की हातावर गुळाचा खडा.

दोन दिवसांत पोर अशी तयार झाली की हाक तोंडातून निघायच्या आत हजर.

एकदा दुपारी बुधाजी घडीवर पट्टी फिरवत होता. कांता मोरीत भांडी विसळत होती. ओल्या हातानं येऊन ती समोर उभी राहिली आणि तळवा पुढं केला.

"काय गो?"

"हाक मारलीत ना."

"मी? नाही बाय."

"मारलीत. 'कांते' म्हणालात. तुमचाच आवाज."

बुधाजी हसला. पोरीला गूळ हवा असेल, दुसरं काय. गुळाचा खडा त्यानं तिच्या हातावर ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गुळानं काय होतं. खरं आहे. पण न मारलेल्या हाकेला ओ दिली म्हणून पोरीला त्यानं बक्षीस दिलं, एवढं लक्षात ठेवा.

४

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. पुन्हा झालं. आणि तिसऱ्या खेपेला ती पुढ्यात आली नाही.

बुधाजीनं मान वर केली तर मोरी रिकामी, खोली रिकामी, दार सताड. तो धडपडत गॅलरीत आला. कांता जिन्याच्या तोंडाशी उभी होती, एक पाय खालच्या पायरीवर.

"कुठं चाललीस?"

"तुम्ही खालनं हाक मारलीत."

"मी खोलीत होतो की गो."

"मग खालनं कुणी मारली?" तिनं सरळ विचारलं. खाली, फाटकापलीकडं, रस्ता उन्हात रिकामा पडला होता. नाक्यावर लोखंडी टोप घातलेले शिपाई.

त्यानं तिला दंडाला धरून आत आणलं.

"ऐक. आजपासून तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. आमच्या गावी तिन्हीसांजेला कुणी पहिल्या हाकेला ओ देत नाही. माणूस असेल तर तो तीनदा हाक मारतो."

"आणि एकदाच मारतो तो?"

बुधाजीनं गुळाचा डबा फळीवर उंच सारला.

"पण सगुणा तर एका हाकेत..."

"सगुणाचं राहू दे."

"तुम्हीच म्हणालात, सगुणासारखी हो."

गॅलरीत येऊन त्यानं चौकापलीकडं विचारलं, "कमळाबाई, आत्ता कुणी कांताला हाक मारली?"

"दुसरं कोण मारणार?" कमळाबाई ओरडली. "तुम्हीच की हो सकाळपासून कांते कांते चालवलंय. घसा बसेल."

हे ऐकून, खरं सांगायचं तर, बुधाजीला हायसं वाटलं. त्यानं शांतपणे विचार केला. ज्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, त्याला स्वतःचं तरी कुठं नीट येतं? त्याच्याच साचेखात्यातला एक म्हातारा रस्त्यानं जाताना मोठमोठ्यानं हिशेब करायचा, आणि त्याला वाटायचं आपण मनात करतोय. तसंच आपलं झालं असेल. पोरीची काळजी डोक्यात घोळते आणि तोंडातून हाक निघते. साधी गोष्ट.

पण मनाची खात्री हवी. त्यानं तांब्यातून पाण्याची चूळ तोंडात घेतली, ओठ घट्ट मिटले, आणि तसाच फर्मे मोडत बसला. तोंडात पाणी असताना माणूस हाक मारणार कशी? कांता समोर बसून वाचत होती. पान उलटलं. वाऱ्यानं कागदाची कड हलली. बुधाजीच्या गालात पाणी कोमट झालं. त्याला आपल्या खुळेपणाचं हसू येऊ लागलं.

तेवढ्यात कांतानं पुस्तकातून मान उचलली. त्याच्याकडं बघितलं नाही. दाराकडं बघितलं.

तिचे ओठ हलले. ओ, आले.

पाणी त्याच्या मुठीत, धोतरावर, समोरच्या फर्म्यावर सांडलं. ती उठायच्या आत त्यानं तिचा फ्रॉक धरला होता.

५

दिवेलागणीला त्यानं दाराला आतून कडी घातली. वरची घातली, खालची घातली. दारामागं आडवा घालायचा लाकडी आडणा कधी लावत नसे, तोही शोधून लावला. कांतानं देवापुढं दिवा लावला. घासलेट जपून वापरायचं होतं, म्हणून तेवढाच उजेड.

बुधाजी कानांनी नाही तर तळपायांनी ऐकायचा. साच्यावरची सवय. कुठला साचा अडला हे त्याला जमिनीच्या थरथरीवरून कळायचं. चाळीच्या लाकडी गॅलरीत कोण चाललंय हेही तो असंच ओळखायचा. त्या संध्याकाळी फळ्या गप्प होत्या. सगळी चाळ दारं लावून बसलेली.

त्यानं कांताला जवळ घेतलं. तिचा उजवा हात आपल्या डाव्या मुठीत धरला आणि बसून राहिला. फर्म्यांच्या थप्प्या भिंतीला लागून होत्या. वरच्या कागदावर तो पाठमोरा माणूस, हात वर केलेला. बुधाजीनं थप्पीवर पंचा टाकला.

"आजोबा," कांता त्याच्याकडं तोंड करून म्हणाली, "बाबा आले तर तेही तीनदा हाक मारतील?"

"मारतील."

"आणि ते दमले असले तर?"

"तरी मारतील. तुझा बाप आहे तो."

तिला ते पटलं असावं. तिनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं.

मग हाक आली.

बुधाजीला ती ऐकू आली. हे नीट ध्यानात घ्या. ज्या कानांना गेली कित्येक वर्षं शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं, त्या कानांना ती हाक घंटेसारखी स्वच्छ ऐकू आली. दाराबाहेरून, हातभर अंतरावरून. तळपायांना काही कळलं नव्हतं. फळी हलली नव्हती.

"कांते."

आवाज त्याचाच होता. तरुणपणाचा नाही, कुणी नक्कल केलेला नाही. आजचा, म्हातारा, थोडा घोगरा, मायेचा आवाज. गुळाचा खडा हातात धरून जसा तो हाक मारायचा, अगदी तसा.

कांताचं तोंड उघडत होतं. त्यानं आपला तळवा त्यावर दाबला. तिच्या ओठांची हालचाल त्याच्या तळव्याला लागली आणि थांबली.

एक झाली, तो मनात म्हणाला. आता दुसरी येईल, मग तिसरी, म्हणजे माणूस आहे. पोलीस असेल, कुणी वाट चुकलेला असेल. देवा, दुसरी येऊ दे.

दुसरी आली नाही.

६

किती वेळ गेला कोण जाणे. दिव्याची वात खाली गेली होती. बाहेरचा गेला की आहे, हे कळल्याशिवाय बुधाजीचा जीव खाली पडेना. माणसाचं मन असं विचित्र असतं. बघू नये हे त्याला समजत होतं आणि बघितल्यावाचून राहवत नव्हतं.

त्यानं कांताला फर्म्यांच्या थप्पीशी बसवलं. तोंडावर बोट ठेवून खूण केली. हात सोडला. दारापाशी जाऊन फळ्यांच्या फटीला डोळा लावला.

गॅलरीत अजून थोडा उजेड होता, राखेसारखा. आधी त्याला कठडा दिसला. मग कठड्याच्या अलीकडं, अगदी दाराला लागून, धोतर आणि जुनी पैरण. एक हात वर केलेला. खांदे म्हाताऱ्या माणसाचे, जरासे वाकलेले.

आपण आतून बघतोय, हे बुधाजीच्या हळूहळू लक्षात आलं. चित्रात तो पाठमोरा दिसतो ते ठीक, कारण चित्र बघणारा त्याच्या मागं असतो. पण जो दाराकडं तोंड करून हाक मारतोय, तो दाराच्या आतल्याला समोरून दिसायला हवा. इथून तरी त्याचं तोंड दिसायला हवं होतं.

इथूनही पाठच होती.

बुधाजीचा डोळा फटीवरून हलेना. पाठीमागं खोलीत काय आवाज झाला असेल नसेल, ते त्याला ऐकू येण्यासारखं नव्हतं. आणि त्याचं लक्षही नव्हतं.

मग फटीत नुसता कठडा राहिला.

तो गरकन वळला. कांता थप्पीशी होती. जशी बसवली तशीच, गुडघे जवळ घेऊन, दिव्याच्या उजेडात त्याच्याकडं बघत. दोन्ही कड्या जागच्या जागी, आडणा जागच्या जागी. बुधाजी तिच्यापाशी कोसळल्यासारखा बसला, तिला पोटाशी धरलं, आणि लहान मुलासारखा रडला. पोरीनं ओ दिली नाही. सांगितलेलं ऐकलं. राजारामची पोर ती.

ती थंडीनं गार पडली होती. त्यानं तिच्यावर घोंगडी टाकली आणि रात्रभर तिचा उजवा हात मुठीत धरून ठेवला.

७

सकाळी करफ्यू थोड्या वेळासाठी उठला. चाळीत भांडी वाजली असतील, पोरं ओरडली असतील. फळ्या थरथरू लागल्या आणि बुधाजीच्या तळपायांना बरं वाटलं. आभाळ कालच्यासारखंच निळं होतं. आज त्याला ते चांगलं दिसलं.

त्यानं सगळे फर्मे गोळा केले, मोडलेले, न मोडलेले, आणि सुतळीनं करकचून बांधले. रस्ता खुला झाला की गिरगावात जाऊन मास्तरांना सांगायचं, हे पुस्तक आपल्याच्यानं होणार नाही. बांधताना शेवटच्या पानावरचं चित्र वर आलं. तो उंबरा, ती पणती. उंबऱ्यावर आणखी काही काळसर दिसलं. शाई फुटली असेल. त्यानं कागद पालथा केला आणि गाठ मारली.

चहा झाला. दुपारपर्यंत शांता येईल, असा निरोप मिळाला होता. पोर आईच्या हाती दिली की आपण सुटलो. त्यानं कांताला हाक मारली, एकदा. ती भिंतीकडं बघत बसली होती, हलली नाही. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेला तिनं सावकाश मान वळवली. बुधाजीला समाधान वाटलं. शिकली. एका रात्रीत शिकली.

सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती. भ्यालेली पोर, बोलेल हळूहळू.

त्यानं कपबशी पुढं केली. तिनं डाव्या हातानं घेतली.

बुधाजी तिच्या हाताकडं बघत राहिला. मग त्याला आठवलं, उजवा हात रात्रभर आपणच आवळून धरला होता. अवघडला असेल, मुंग्या आल्या असतील. साधी गोष्ट. तिनं चहा डाव्या हातानं प्यायला, एक थेंब सांडला नाही.

हवा यावी म्हणून त्यानं दार सताड उघडलं आणि उंबऱ्याशी उभं राहून पुन्हा तिच्याकडं बघितलं. केस कपाळावर आले होते. बट उजव्या भुवईवर पडली होती. बट बाजूला केली की खोक दिसेल, म्हणजे झालं. त्यानं आत वाकून हात पुढं केला. बोटं केसांपर्यंत पोचली आणि तिथंच थांबली, कारण कठड्यावर काहीतरी दणादण आपटत होतं आणि फळ्यांतून ते त्याच्या पायांना लागत होतं. त्यानं मागं वळून बघितलं. चौकापलीकडं कमळाबाई खिडकीतून काठी बाहेर काढून चाळीच्या सलग कठड्यावर आपटत होती. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे इथूनही दिसत होतं. ती एकेक शब्द सुटा करून ओरडली, म्हणजे त्याला ओठ वाचता यावेत:

"बुधाजीकाका, काल तिन्हीसांजेला कांता एका हाकेत ओ देऊन बाहेर आली, नि तुमचा हात धरून जिना उतरली. मी इथनं बोंबलले, तुम्ही दोघांनीही वळून बघितलं नाहीत. आता तुम्ही एकटेच दिसताय. पोरीला कुठं ठेवून आलात?"